खेळ काहनावाकेचा, नियमावली मॉन्ट्रियलची: पहिल्या लॅक्रॉस क्लबांचे प्रकरण

२६ सप्टेंबर १८६७ रोजी कॅनडातील किंग्स्टन या गावी पंचवीसहून अधिक लॅक्रॉस क्लबांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि त्यांनी राष्ट्रीय लॅक्रॉस संघटनेची स्थापना केली. लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत आणि फेकत गोल करण्याचा मैदानी खेळ. कॅनडाचे संघराज्य अस्तित्वात येऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. संघटनेने जी नियमावली स्वीकारली ती मुळात मॉन्ट्रियल शहरात तयार झालेली होती, आणि ती लिहिणारा विल्यम जॉर्ज बीअर्स हा पंचविशीतला दंतवैद्य त्याच शहरातला होता. पुढे १८८० मध्ये या संघटनेने आपल्या नावात ‘हौशी’ हा शब्द घातला, आणि मोहॉक या मूलनिवासी समाजाच्या ज्या खेळाडूंकडून मॉन्ट्रियलच्या क्लबांनी हा खेळ घेतला होता ते अजिंक्यपदाच्या लढतींना अपात्र ठरले. हे लोक पैसे घेऊन खेळतात, एवढेच कारण त्यासाठी पुरेसे झाले. ते पैसे त्यांना कोणी दिले होते, कशासाठी दिले होते आणि देणारे स्वतः हौशी कसे राहिले, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

क्लबांच्या आधी

मॉन्ट्रियलजवळ सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठावर, लाशीनच्या समोर, काहनावाके ही मोहॉक लोकांची वस्ती आहे. मोहॉक हे होडेनोशोनी म्हणजे इरोक्वॉइ राष्ट्रसंघातले एक राष्ट्र. लॅक्रॉस त्यांच्याकडे, तसेच ओजिब्वे, अल्गॉन्क्विन अशा आसपासच्या इतर समाजांकडे, कित्येक पिढ्यांपासून खेळला जात होता. होडेनोशोनी परंपरेत तो निर्मात्याला संतोष देणारा आणि आजाऱ्याला बरे करणारा खेळ मानला जातो, त्यामुळे सामना भरवणे ही नुसती करमणुकीची बाब नव्हती. दोन गावे समोरासमोर उभी ठाकत, खेळाडूंची संख्या दोन्ही बाजूंच्या संमतीने ठरे आणि मैदानाची लांबीही तशीच.

युरोपीय वसाहतवाल्यांना या खेळाची ओळख जुनी होती आणि तिला धास्तीची किनार होती. २ जून १७६३ रोजी मिशिलिमॅकिनॅक येथील ब्रिटिश किल्ल्याबाहेर ओजिब्वे आणि सॉक लोकांनी सामना मांडला, सैनिक पाहायला बाहेर आले, चेंडू किल्ल्याच्या तटात गेला, त्याच्या मागोमाग खेळाडू आत शिरले आणि किल्ला पडला. ही हकिकत एकोणिसाव्या शतकात कॅनडातील इंग्रजी भाषकांमध्ये आवडीने सांगितली जाई. ‘रानटी’ खेळाला ‘सुसंस्कृत’ करण्याची भाषा पुढे जी झाली, तिच्यामागे ही गोष्ट उभी होती असे मला वाटते.

शहरी गोरे लोक प्रत्यक्ष मैदानात उतरल्याची पहिली ठळक नोंद ऑगस्ट १८४४ ची आहे. मॉन्ट्रियल ऑलिंपिक क्लबाने भरवलेल्या क्रीडास्पर्धेत क्लबाच्या सभासदांचा मूलनिवासी संघाशी लॅक्रॉसचा सामना झाला. त्या काळात शहरातल्या क्लबांची एक रीत होती आणि ती पुढच्या सगळ्या घडामोडींची किल्ली आहे. बर्फावर चालण्यासाठी पायाला बांधायच्या जाळीदार पादुकांच्या शर्यती हिवाळ्यात होत. त्यांत सभासदांसाठी वेगळ्या शर्यती असत आणि मूलनिवासींसाठी वेगळी शर्यत असे. सभासदाला चषक किंवा पदक मिळे, मूलनिवासी विजेत्याला रोख रक्कम मिळे. चषक हा मान समजला जाई, रोख रक्कम ही मजुरी. ही विभागणी मूलनिवासींनी मागितलेली नव्हती. ती आयोजकांनी केली होती.

१८५६ ते १८६६: क्लब येतात, मंदावतात

मॉन्ट्रियल लॅक्रॉस क्लबाची स्थापना १८५६ मध्ये झाली. त्याच्या पाठोपाठ होशेलागा, बीव्हर असे आणखी क्लब निघाले. शहराची लोकवस्ती १८६१ मध्ये नव्वद हजारांच्या आसपास होती आणि व्यापार, बँका, वखारी, वकिली यांतून वर आलेला इंग्रजी भाषक मध्यमवर्ग क्लबांचा मुख्य आधार होता. हिवाळ्यात जे लोक जाळीदार पादुका घालून डोंगरावर जात, त्यांतलेच बरेचसे उन्हाळ्यात लॅक्रॉसची काठी हाती घेत. उन्हाळ्यासाठी क्रिकेट होतेच, पण ते छावणीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांचे आणि इंग्लंडहून आलेल्यांचे. कॅनडात जन्मलेल्या तरुणांना आपला म्हणता येईल असा खेळ हवा होता. क्रिकेट संथ आणि परका, लॅक्रॉस वेगवान आणि इथल्या मातीतला, असा युक्तिवाद बीअर्सने पुढे वर्तमानपत्रांतून केला. क्रिकेटवेड्या वाचकाला हे वाचून गंमत वाटेल, पण त्या लढाईत क्रिकेट हरले.

ऑगस्ट १८६० मध्ये व्हिक्टोरिया पुलाच्या उद्‌घाटनासाठी प्रिन्स ऑफ वेल्स मॉन्ट्रियलला आले, तेव्हा त्यांच्यासमोर लॅक्रॉसचे सामने ठेवण्यात आले. आधी मूलनिवासींचे दोन संघ आपसांत खेळले, मग शहरी क्लबांचे खेळाडू मूलनिवासी संघाशी खेळले. दुसऱ्या सामन्याचा निकाल वादात सापडला, कारण काय चालेल आणि काय चालणार नाही याचे दोन्ही बाजूंना मान्य असे लेखी नियम नव्हते. बीअर्स त्या सामन्यात खेळला होता. त्याच वर्षी त्याने ‘गोलरक्षक’ या टोपणनावाने लॅक्रॉसची छोटी माहितीपुस्तिका काढली. नियमावलीची गरज या वादातून त्याच्या मनात पक्की झाली असावी.

त्यानंतरची काही वर्षे मात्र क्लबांसाठी मंदीची गेली. १८६१ च्या अखेरीस ट्रेंट या ब्रिटिश जहाजाला अमेरिकी युद्धनौकेने अडवल्यावरून ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात युद्धाची चिन्हे दिसू लागली, आणि मॉन्ट्रियलमधले तरुण स्वयंसेवक पलटणींत दाखल होऊ लागले. बीअर्सही व्हिक्टोरिया रायफल्समध्ये गेला. काठीपेक्षा बंदुकीकडे लक्ष लागले आणि लॅक्रॉसची मैदाने ओस पडू लागली.

मंदीतही काहनावाकेचा संघ शहरात आला की प्रेक्षक जमत. शहरी क्लबांचे आपसांतले सामने सभासद आणि त्यांचे सगेसोयरे पाहत, मोहॉक खेळाडूंसाठी तिकीट काढून लोक येत. तिकिटाचा गल्ला क्लबाकडे जाई. काहनावाकेच्या खेळाडूंना त्यातून प्रवासखर्च आणि बिदागी मिळे. नावाडीपण, लाकूडतोड, हस्तकला यांवर पोट असलेल्या माणसाचा एक दिवस खेळात गेला तर त्या दिवसाची मजुरी बुडते, हे लक्षात घेतले तर बिदागी घेण्यात काही गैर होते असे म्हणता येत नाही. वखारीच्या कारकुनाला शनिवारची दुपार मोकळी मिळे आणि त्याचा पगार कापला जात नसे.

१८६७: कागदावर आलेला खेळ

१८६७ च्या उन्हाळ्यात बीअर्सची नियमावली मॉन्ट्रियलच्या वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाली. प्रत्येक बाजूला बारा खेळाडू. चेंडू रबराचा, घेर आठ ते नऊ इंच. गोल म्हणजे सहा फूट उंचीचे दोन निशाणाचे खांब, एकमेकांपासून सहा फुटांवर. पाचांपैकी तीन डाव जिंकणारा संघ विजयी, आणि एक गोल झाला की एक डाव संपला. गोलरक्षक, त्याच्या पुढचा, त्याच्याही पुढचा, मधले क्षेत्ररक्षक आणि प्रतिस्पर्ध्याच्या गोलाजवळचा आक्रमक, अशा जागांना नावे मिळाली. काठीची लांबी खेळाडूच्या सोयीवर सोडली होती, पण जाळी पिशवीसारखी खोल असता कामा नये, अशी अट होती.

ही शेवटची अट तपशिलात पाहण्यासारखी आहे. मोहॉक काठी हिकरीच्या लाकडाची. ओंडका उभा फाडून त्याच्या फळ्या काढत, वाफेवर मऊ करून टोकाला वळण देत आणि ते वळण बसावे म्हणून काठी बांधून महिनोन्‌महिने वाळवत. मग वाकलेल्या टोकापासून खाली दांड्यापर्यंत कच्च्या चामड्याची आणि आतड्याच्या तातीची जाळी विणत. जाळी ताणलेली असली की चेंडू तिच्यावर नुसता टेकतो, तो सांभाळत धावायला मनगट सतत फिरते ठेवावे लागते, आणि फेकताना तो चटकन सुटतो. जाळी सैल झाली की चेंडू रुतून बसतो, धावणे सोपे होते, पण अचूक फेक अवघड होते. ताणलेल्या जाळीचा आग्रह धरणे म्हणजे सोबत्याकडे चेंडू देण्याच्या खेळाला उत्तेजन देणे. बीअर्सला तेच हवे होते. एकट्याने चेंडू घेऊन पळणे त्याला जुन्या पद्धतीचे वाटे, जागा धरून एकमेकांना चेंडू देणे त्याला ‘शास्त्रशुद्ध’ वाटे. आणि तरीही ती काठी बनवणारे कारागीर मोहॉकच होते.

१८६९ मध्ये बीअर्सने या खेळावर सविस्तर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने मूलनिवासी खेळाडूंच्या धावण्याची, दमाची आणि नजरेची मनापासून तारीफ केली आहे, आणि लगेच असेही म्हटले आहे की ते गोऱ्यांना हरवतात ते शरीराच्या जोरावर, शास्त्राच्या जोरावर नव्हे. हा युक्तिवाद कोणत्याही निकालाने खोटा पडू शकत नाही. मोहॉक जिंकले तर ते निसर्गामुळे, शहरी संघ जिंकला तर तो बुद्धीमुळे.

नियमावलीत आणखी एक कलम आले: आधी दोन्ही बाजूंनी मान्य केले असल्याखेरीज गोऱ्यांच्या क्लबाकडून सामन्यात मूलनिवासी खेळाडू उतरवता येणार नाही. व्यवहारात याचे कारण स्पष्ट आहे. चुरशीच्या सामन्यासाठी एखादा क्लब काहनावाकेहून दोन-तीन चांगले खेळाडू आणील आणि डाव उलटेल, ही भीती होती. म्हणजे त्यांचे कौशल्य मान्य होते, आणि म्हणूनच त्यावर बंधन हवे होते.

किंग्स्टनच्या अधिवेशनाने ही चौकट देशभर लागू केली. ‘आपला देश, आपला खेळ’ हे संघटनेचे ब्रीदवाक्य झाले. नवे राष्ट्र, नवी संघटना आणि छापील नियम यांचा मेळ बसला आणि क्लबांची संख्या झपाट्याने वाढली. संसदेने १८६७ मध्येच लॅक्रॉसला राष्ट्रीय खेळ घोषित केले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. तसा कोणताही कायदा तेव्हा झालेला नाही. बीअर्सच्या प्रचारातून ही समजूत रुजली. कायद्याने लॅक्रॉसला उन्हाळी आणि आइस हॉकीला हिवाळी राष्ट्रीय खेळाचा दर्जा मिळाला तो १९९४ मध्ये.

शॅमरॉक आणि ‘हौशी’पणाची व्याख्या

प्रकरण केवळ गोरे विरुद्ध मूलनिवासी असे मांडले तर अर्धेच कळते. १८६० च्या दशकाच्या अखेरीस मॉन्ट्रियलमध्ये शॅमरॉक हा क्लब उभा राहिला. त्याचे खेळाडू आयरिश कॅथलिक, बहुतेक ग्रिफिनटाउन आणि आसपासच्या कामगार वस्त्यांतले. १८७० च्या दशकात शॅमरॉकने प्रतिष्ठित मॉन्ट्रियल लॅक्रॉस क्लबाला वारंवार धूळ चारली. त्यांच्या सामन्यांना मोठी गर्दी लोटे, पैजा लागत, मारामाऱ्याही होत. इंग्रजी प्रोटेस्टंट व्यापाऱ्यांच्या मुलांना आयरिश कामगारांनी हरवावे, हे दोन्ही बाजूंना खेळापुरते राहिले नाही.

याच शहरात १८७३ मध्ये मॉन्ट्रियल पेडेस्ट्रियन क्लबाने हौशी खेळाडूची व्याख्या लिहून काढली. खुल्या स्पर्धेत, सार्वजनिक किंवा प्रवेशशुल्काच्या पैशासाठी किंवा व्यावसायिकांसोबत बक्षिसासाठी जो कधी उतरला नाही, ज्याने शारीरिक खेळ शिकवून कधी पोट भरले नाही, आणि जो मजूर किंवा ‘इंडियन’ (म्हणजे मूलनिवासी) नाही, तो हौशी. व्याख्येचा पहिला भाग माणूस काय करतो यावर आहे, शेवटचा भाग तो कोण आहे यावर. इतक्या उघडपणे हे क्वचितच कोणी लिहिले असेल. पुढच्या व्याख्यांमधून हे शेवटचे शब्द गळाले, कारण त्यांची गरज उरली नाही. प्रवेशशुल्काची अट एकटीच मोहॉक खेळाडूंना बाहेर ठेवायला पुरेशी होती.

बिदागी देणे मात्र चालूच राहिले. १८६७ मध्येच मॉन्ट्रियलच्या कॅप्टन जॉन्सन यांनी काहनावाकेचा संघ इंग्लंडला नेला होता आणि त्यानंतर तिकडे क्लब निघू लागले. १८७६ मध्ये बीअर्सने स्वतः दोन संघ नेले, एक मॉन्ट्रियलच्या ‘सभ्य गृहस्थांचा’ आणि एक काहनावाकेचा. २६ जून १८७६ रोजी विंडसरच्या राजवाड्यात राणी व्हिक्टोरियासमोर सामना झाला. राणीने तो पाहून दैनंदिनीत पसंतीची नोंद केली. मोहॉक खेळाडूंनी मणी आणि पिसे लावून उतरावे, सामन्यानंतर नाच करावा, जाळीदार पादुका बांधून गवतावर धावून दाखवावे, ही दौऱ्याची ठरलेली पद्धत होती. शहरी खेळाडूंना यातले काहीच करावे लागत नसे. एकाच बोटीने गेलेले, एकाच सामन्यात खेळलेले, एकाच गल्ल्यावर ज्यांचा दौरा चालला असे हे दोन संघ. त्यांतला एक हौशी म्हणून परतला, दुसरा व्यावसायिक म्हणून.

१८८० मध्ये संघटनेचे नाव राष्ट्रीय हौशी लॅक्रॉस संघटना असे झाले आणि अजिंक्यपद हौशी संघांपुरते मर्यादित झाले. मूलनिवासी संघ त्यातून वगळले गेले. संघटनेच्या बाजूने बोलायचे तर पैजा, दंगे आणि छुपे मोबदले यांनी खेळ खरोखरच पोखरला होता, आणि त्याला आवर घालणे आवश्यक होते. शॅमरॉकवर बोट रोखणाऱ्यांची संख्याही कमी नव्हती. पण शॅमरॉक टिकले. शहरात त्यांचे सभासद होते, मैदान होते, चर्च आणि राजकारण यांचा पाठिंबा होता, आणि संघटनेच्या सभेत त्यांचा आवाज होता. पैसे झाकून घेणे त्यांना शक्य होते. काहनावाकेच्या खेळाडूंची बिदागी मात्र पहिल्यापासून जाहिरातीइतकीच उघड होती, कारण ती देणाऱ्यांनीच ती तशी ठेवली होती.

पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, मॉन्ट्रियल लॅक्रॉस क्लब, पादुकांच्या शर्यतींचा क्लब आणि सायकल क्लब यांनी मिळून मॉन्ट्रियल हौशी ॲथलेटिक असोसिएशन स्थापन केली. या संस्थेने कॅनडाच्या क्रीडाजगतात पुढे मोठे वजन मिळवले आणि तिच्या आइस हॉकी संघाने १८९३ मध्ये पहिला स्टॅनले कप पटकावला. फ्रेंच भाषक मॉन्ट्रियल या साऱ्या काळात बहुतांशी बाहेरच राहिले. त्यांची ‘ल नास्योनाल’ ही क्रीडासंस्था १८९४ ची.

नंतरचे

अपात्र ठरल्यानंतरही काहनावाकेचे सामने थांबले नाहीत, ते केवळ प्रदर्शनीय झाले. १८८३ मध्ये बीअर्सने पुन्हा दोन्ही संघ ब्रिटनला नेले. या वेळी कॅनडा सरकारचा हेतू स्थलांतरितांना आकर्षित करण्याचा होता आणि सामन्यांच्या ठिकाणी कॅनडात येऊन वसण्याची माहितीपत्रके वाटली गेली. मूलनिवासींच्या जमिनीवर नवे वसाहतवाले आणण्याच्या मोहिमेत गर्दी खेचण्याचे काम मूलनिवासी खेळाडूंवर आले, हा विरोधाभास त्या वेळी कुणाला खटकल्याचे दिसत नाही. १८८४ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट लेनर्ड्स या मुलींच्या शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापिका लुईसा लम्सडेन यांनी मॉन्ट्रियलमध्ये काहनावाके आणि मॉन्ट्रियल क्लब यांचा असाच एक सामना पाहिला. १८९० मध्ये त्या शाळेत मुलींचा लॅक्रॉस सुरू झाला आणि स्त्रियांच्या लॅक्रॉसची परंपरा तिथून पुढे चालली.

हौशीपणाचा आग्रह स्वतः शहरी क्लबांनाही फार काळ पेलला नाही. १९०१ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो यांनी हौशी अजिंक्यपदासाठी चषक दिला, १९०६ मध्ये मोठ्या क्लबांनी राष्ट्रीय लॅक्रॉस युनियन काढली, आणि दशक संपायच्या आत तोच चषक उघडपणे पगारी झालेल्या संघांच्या हाती गेला. म्हणजे ज्या कारणासाठी मोहॉक खेळाडूंना वगळले, ते कारण तीस वर्षांत कालबाह्य झाले. मधल्या काळात त्यांच्या एका पिढीचे सर्वोत्तम खेळाडू अजिंक्यपदाविना गेले.

होडेनोशोनींनी १९८३ मध्ये आपला स्वतंत्र राष्ट्रीय संघ उभा केला आणि तो स्वतःच्या ध्वजाखाली जागतिक स्पर्धांत खेळतो. २०१० मध्ये मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेला हा संघ जाऊ शकला नाही, कारण खेळाडूंकडे असलेले होडेनोशोनी पासपोर्ट ब्रिटनने मान्य केले नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी लॅक्रॉसला मंजुरी मिळाली. आपल्याकडे त्या दिवशी बातम्या क्रिकेटच्या झाल्या, त्याच ठरावातल्या लॅक्रॉसकडे फारसे कोणी पाहिले नाही. होडेनोशोनी संघाला आपल्या नावाने खेळू द्यावे, अशी विनंती अमेरिकेच्या अध्यक्षांनी डिसेंबर २०२३ मध्ये जाहीरपणे केली. समितीने नियमाकडे बोट दाखवले: प्रवेश फक्त मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिंपिक समितीमार्फत होतो, आणि होडेनोशोनींची तशी समिती नाही. त्यांच्यातले खेळाडू कॅनडाच्या किंवा अमेरिकेच्या संघातून खेळू शकतात.